लाकडी ओट्याला फिनिश कोणतं लावावं? गोव्याच्या पावसाळ्यात टिकेल असं

सिंकच्या कडेला बोटभर रुंदीचा काळा पट्टा दिसायला लागला, की समजायचं पाणी लाकडात शिरलं आहे. आमच्या फोंड्याच्या घरातला पहिला लाकडी ओटा असाच गेला. सागवान जुनं, एका पाडलेल्या घराच्या दारांतून निघालेलं. चवथीच्या आधी स्वयंपाकघर उभं राहायला हवं होतं, म्हणून भर जुलैत त्यावर मेलामाइन (कडक, चकचकीत थराचं पॉलिश) मारून घेतलं. पहिल्या दिवशी ओटा आरशासारखा चमकत होता. चौथ्या दिवशी त्यावर दुधाळ ढग उतरले. पुढच्या वर्षीच्या पावसात नळाजवळचा पापुद्रा सुटला आणि खालून तो काळा पट्टा वर आला. सगळं खरवडून पुन्हा लाकडापर्यंत जायला आठवडा गेला.

लाकडात दोष नव्हता आणि मेलामाइनही वाईट नव्हतं. फिनिश त्या जागेला शोभणारं नव्हतं आणि ते लावायची वेळ चुकली होती. नव्याने लाकडी ओटा करणाऱ्याने याच दोन गोष्टी आधी पक्क्या कराव्यात. दुकानात जाऊन "सगळ्यात टिकाऊ काय आहे?" असं विचारलं तर सर्वांत कडक थर देणारा डबा पुढे येतो. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: हे फिनिश एका जागी खराब झालं, तर तेवढीच जागा मला घरी दुरुस्त करता येईल का? माझ्या मते ओट्याच्या बाबतीत टिकाऊपणा यावरच मोजावा.

आधी ओटा कुठे ओला होतो ते पाहा

फिनिशचा विचार करण्याआधी दोन दिवस फक्त निरीक्षण करा. पाणी कुठे सांडतं, ओली भांडी कुठे उपडी घातली जातात, गरम कुकर कुठे टेकतो, मासळी कुठे साफ होते, नारळ कुठे खवला जातो. आपल्याकडच्या ओट्यावर रोज हळद, आमसुलं, चिंच, नारळाचं तेल आणि मिठाचं पाणी असतं. सोलकढीचा पेला ठेवला की खाली गुलाबी गोल उमटतो. पाहुणे आले की फेणीचे थेंबही पडतात, आणि मद्यार्क काही फिनिश विरघळवतो.

घर अजून बांधायचं असेल तर माझा स्पष्ट सल्ला: सिंक आणि शेगडी दगडी ओट्यावर ठेवा. मधली कोरडी जागा, म्हणजे पीठ मळणं, भाजी निवडणं, वाढून घेणं, ही लाकडाची ठेवा. अर्धं दुखणं तिथेच संपतं. सिंक लाकडातच बसवायचं असेल तरी जमतं, फक्त त्या भागाला वेगळी मेहनत द्यावी लागते. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

लाकूड ओळखा

गोव्यात ओट्यासाठी बहुतेक वेळा सागवान, जांभा, माटी, फणस किंवा हल्ली रबरवुडच्या जोडलेल्या फळ्या मिळतात. माटी म्हणजे घाटावर ज्याला ऐन म्हणतात ते झाड, गोव्याचा राज्यवृक्ष.

सागवानात स्वतःचं तेल असतं. म्हणून ते पाण्याला टिकतं, पण त्याच तेलामुळे वरचं फिनिश वाळायला वेळ लावतं, कधी नीट धरतही नाही. त्यावर उपाय आहे: फिनिश लावायच्या अगदी आधी थिनरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यायचं. जांभा कडक आणि जड, पण घासताना हात दुखवतो. माटीत टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) पुष्कळ, त्यामुळे ओलं लोखंड टेकलं की काळा डाग ठरलेला. फणसाचं लाकूड आधी पिवळंधमक असतं आणि काही वर्षांत मधासारखं तपकिरी होतं; मला ओट्यासाठी ते फार आवडतं, पण फळीच्या कडेचा फिकट भाग कीड पोखरते. तो कापून टाकायला सांगा. रबरवुड स्वस्त आणि एकसारखं दिसतं, पण त्याला कीड आणि बुरशी दोन्ही लवकर लागतात. कारखान्यात औषध दिलेलंच घ्या, आणि सिंकच्या आसपास वापरू नका.

जुन्या घरातलं लाकूड घेत असाल तर आधी त्यावर काय लावलेलं आहे ते तपासा. वासे आणि फळ्या वाळवीपासून वाचवायला आपल्याकडे काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत होती, काही ठिकाणी डांबरही. त्यावर नवीन फिनिश बसत नाही. रंध्यावर ताजं लाकूड दिसेपर्यंत काढावं लागतं. मोडके खिळेही शोधा, लोहचुंबक फिरवला की सापडतात. कोणी तेच काजूच्या टरफलाचं तेल ओट्याला लावा म्हणालं तर ऐकू नका. ते कातडी भाजून काढतं. होडीला किंवा वाशाला ठीक. अन्नाच्या जागी नको.

आता मोजमापाची एक गोष्ट, कारण तिच्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. आपल्याकडे हिवाळ्यात घरातल्या लाकडात साधारण १२ टक्के ओलावा असतो, पावसाळ्यात तो १६-१७ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. तेवढ्या फरकाने ६०० मिलीमीटर रुंदीचा, म्हणजे दोन फुटी सागवानी ओटा आडवा ३ ते साडेपाच मिलीमीटर फुगतो. नेमका किती, ते फळ्या कशा चिरल्या आहेत त्यावर ठरतं. लांबीत मात्र जवळजवळ काही फरक पडत नाही. कोणतंही फिनिश ही हालचाल थांबवत नाही, फार तर हळू करतं. जो थर लाकडाबरोबर हलू शकत नाही, त्याला चिरा पडतात.

फिनिशचे दोन वंश

सगळी नावं, सगळे डबे शेवटी दोन घराण्यांत बसतात. एक लाकडात मुरतं. दुसरं लाकडावर थर धरतं.

थर धरणाऱ्यांत फ्रेंच पॉलिश आधी घेऊ. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून ते होतं. कपाटाला, देव्हाऱ्याला सुंदर. ओट्यावर त्याचा निभाव लागत नाही: गरम भांड्याने मऊ होतं, पाण्याने पांढरे गोल पडतात आणि फेणी सांडली की स्पिरिटमध्ये विरघळलेलं पुन्हा विरघळतं. एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकरचीही जवळपास तीच गत.

मेलामाइन त्याहून कडक. आपल्या भागातले बहुतेक पॉलिशवाले हेच सुचवतात, कारण ते पटकन वाळतं आणि चकाकतं. पण त्याचा थर ठिसूळ असतो. पातेलं आपटलं की टवका उडतो, टवक्यातून पाणी आत जातं आणि थराखाली पसरत राहतं. वरून ते दिसत नाही, दिसतं तेव्हा उशीर झालेला असतो.

दोन डब्यांचं पीयू (पॉलियुरेथेन), म्हणजे ज्यात हार्डनर (घट्ट करणारं रसायन) मिसळावा लागतो ते, थर धरणाऱ्यांत सर्वांत मजबूत. पाणी, तेल, हळद, मद्य, सगळ्याला पुरून उरतं. ज्यांना वर्षातून एकदाही ओट्याला हात लावायचा नाही, भाड्याने द्यायचं घर आहे किंवा ओटा फारसा ओला होत नाही, त्यांनी हेच घ्यावं. मी त्याला नाव ठेवणार नाही. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, हार्डनर हवेतल्या ओलाव्याशी लागलीच रासायनिक क्रिया करतो आणि बुडबुडे येतात, म्हणून पावसात हे काम करून घेऊ नका. दोन, त्याची वाफ फुप्फुसांना घातक आहे. फवारणी होत असताना आणि पुढे दिवसभर घरात लहान मुलं, दमेकरी कोणीही नको; मारणाऱ्यानेही साधा कापडी मास्क न लावता रसायनांसाठीचा मास्क लावायला हवा. तीन, ओरखडा खोल गेला तर तेवढाच भरता येत नाही. सहसा अख्खी फळी घासून नवं मारावं लागतं.

इपॉक्सी (दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणारं रेझिन) ओतून काचेसारखा जाड थर करणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. टेबलावर घालायचं साधं इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. चहाचं पातेलं त्याहून कितीतरी गरम असतं. खिडकीच्या उन्हाने ते पिवळंही होतं. पूर्ण ओट्याला नको, सिंकच्या कापलेल्या कडेला मात्र त्याचा उत्तम उपयोग आहे.

जहाजाचं व्हार्निश घ्या, ते पाण्यासाठीच असतं, असंही कोणी सुचवेल. ते उन्हात-वाऱ्यात हलणाऱ्या लाकडासाठी मुद्दाम लवचिक ठेवलेलं असतं. ओट्यावर जड डबा चार दिवस एका जागी राहिला तर त्याचा ठसा उमटतो.

आता मुरणारी. इथे नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत होते, कारण "तेल" हा एकच शब्द तीन वेगळ्या वस्तूंना वापरला जातो.

घरातलं खायचं तेल लाकडात वाळत नाही. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल काही महिन्यांत खवट होतं आणि चिकटतं. नारळाचं तेल त्या मानाने खवट कमी होतं, पण तेही कधीच घट्ट होत नाही. पाण्याबरोबर निघून जातं. खोबरेल लावलेला ओटा दोन दिवस सुंदर दिसतो, आठव्या दिवशी त्यावर धूळ आणि पीठ बसलेलं असतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन हेही न वाळणारं, पण खवट न होणारं. पोळपाट, लाटणं, भाजी कापायची फळी यांना तेच लावावं, दर महिन्याला. ओट्याला ते पुरेसं संरक्षण देत नाही.

वाळणारी तेलं म्हणजे हवेतल्या प्राणवायूशी क्रिया होऊन लाकडाच्या आतच घट्ट होणारी. अळशीचं कच्चं तेल त्यातलं ओळखीचं. आपल्या हवेत मी ते वापरणार नाही: वाळायला आठवडे घेतं आणि पावसाळ्यात बुरशीला खाद्य होतं. हार्डवेअरमध्ये मिळणारं डबल बॉइल्ड अळशीचं तेल लवकर वाळतं, पण त्यात वाळवणारे धातूंचे क्षार घातलेले असतात, आणि कोणते ते डब्यावर बहुधा लिहिलेलं नसतं. टंग ऑइल (टंग झाडाच्या बियांचं तेल) अळशीपेक्षा पाण्याला जास्त टिकतं, खूप पिवळंही पडत नाही. शुद्ध टंग ऑइल मिळालं आणि धीर असेल तर फार चांगलं. पण डब्यावर "टंग ऑइल फिनिश" असं लिहिलं असेल तर आत व्हार्निश आणि थिनर जास्त आणि टंग ऑइल नावापुरतं असू शकतं. मागची बाजू वाचा.

तिसरं हार्डवॅक्स ऑइल: वाळणारी तेलं आणि कडक मेण यांचं मिश्रण. तेल आत मुरतं, मेण पृष्ठभागालगत राहून पाणी अडवतं. थर जवळजवळ नाही म्हणावा इतका पातळ, त्यामुळे पापुद्रा सुटत नाही. डाग पडला तर तेवढी जागा घासून पुन्हा लावता येतं, जोड दिसत नाही. माझ्या आताच्या ओट्याला हेच आहे, आणि गोव्यात पहिल्यांदा लाकडी ओटा करणाऱ्या बहुतेकांना मी हेच सांगते. आपल्या शहरातल्या प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, बऱ्याचदा मागवून घ्यावं लागतं. आठ फूट बाय दोन फुटांच्या ओट्याला, खालची बाजू धरून, अर्धा लिटर पुरतो.

नुसत्या मधमाशीच्या मेणावर मात्र विसंबू नका. ते ६२ ते ६४ अंशांना वितळतं. हाताला छान लागतं, पण एकटं ओटा सांभाळू शकत नाही.

नमुना फळी करा

ही पायरी बहुतेक जण टाळतात आणि इथेच खरं कळतं. त्याच लाकडाचा हातभर तुकडा मेस्ताकडून (सुताराकडून) मागून घ्या. पट्टी चिकटवून त्याचे तीन भाग करा. एकावर हार्डवॅक्स, एकावर पीयू, एकावर टंग ऑइल. पूर्ण वाळू द्या, म्हणजे तीन आठवडे. मग छळ सुरू करा.

मी केलं ते असं. प्रत्येक भागावर ओल्या स्टीलच्या पेल्याचा तळ रात्रभर ठेवला. सकाळी भिजवलेल्या आमसुलाची चिमूट तासभर, मग ओली हळद, मग चहाचा कप शेगडीवरून थेट, मग फेणीचे चार थेंब. पीयूवर काहीही झालं नाही. हार्डवॅक्सवर पेल्याचं फिकट वर्तुळ आलं, जे दुपारपर्यंत विरलं. हळदीचा पिवळा डाग राहिला. ती फळी मी गच्चीवर उन्हात ठेवली. हळदीचा रंग उन्हाने उडतो, तिसऱ्या दिवशी डाग शोधावा लागत होता. टंग ऑइलवर आमसुलाचा डाग थोडा राहिला. मग सुरीच्या टोकाने तिन्हीवर एकेक खोल ओरखडा मारला आणि फळी मोरीजवळ ठेवून दिली. पंधरा दिवसांनी पीयूच्या ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना थराखाली काळपट छटा आली होती. हार्डवॅक्सच्या ओरखड्यात काळी रेघ होती, पण ती तिथेच थांबलेली. दोन मिनिटं घासून थेंबभर फिनिश लावलं आणि ती गेली. पीयूच्या भागाला मला काहीच करता आलं नाही.

तुमच्या लाकडावर, तुमच्या वापराला निकाल थोडा वेगळा येईल. म्हणूनच स्वतःची फळी हवी.

मुहूर्त

गोव्यात वर्षाला ३००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत लाकूड ओलं, हवा ओली, चिऱ्याच्या भिंतींनाही ओल. चवथीच्या आधी घर नवं दिसावं ही इच्छा मी समजू शकते, पण फिनिशचं काम तेव्हा नको. दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंत, म्हणजे नोव्हेंबर ते मार्चची सुरुवात, हा खरा काळ. एप्रिल-मेमध्ये उकाडा आणि दमटपणा दोन्ही वाढलेले असतात, तरी जुलैपेक्षा बरे. चवथ जवळ आलीच असेल तर ओटा नुसता बसवून घ्या, त्यावर लिक्विड पॅराफिन लावू नका (पुढे फिनिश धरणार नाही), सणापुरतं कापड टाकून जपून वापरा आणि नोव्हेंबरची वाट पाहा.

फळ्या आणल्या की त्या ज्या खोलीत राहणार, तिथेच तीन-चार आठवडे ठेवा. जमिनीवर थेट नको. खाली आणि मधे पट्ट्या देऊन, चारही बाजूंनी वारा लागेल असं.

घासणं

ओट्याचं निम्मं काम इथे आहे. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने सुरू करा, मग १५०, मग १८०. प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरचे ओरखडे पूर्ण गेले पाहिजेत. खिडकीकडे तिरकं पाहिलं की कळतं. नेहमी रेषेच्या दिशेने. मशीन वापरत असाल तर शेवटचा हात हातानेच फिरवा.

आता ओल्या फडक्याने सगळी फळी पुसा आणि वाळू द्या. तंतू उठतील, हाताला कुसळासारखे लागतील. पुन्हा १८० ने हलकेच घासा. हे आत्ता केलं नाही तर पहिल्यांदा पाणी सांडेल तेव्हा तेच होईल, फिनिशसकट. हार्डवॅक्स किंवा तेलासाठी १८० वर थांबा, फार तर २२०. त्यापुढे गुळगुळीत केलं तर लाकूड तेल पीत नाही. फळीची टोकं, जिथे लाकडाची छिद्रं उघडी असतात, तिथे मात्र २२० पर्यंत जा, कारण ती गरजेपेक्षा जास्त पितात आणि काळी पडतात.

लावणं

डबा तळापासून ढवळा. मेण खाली बसलेलं असतं; वरचं पातळ तेवढंच लावलं तर संरक्षण डब्यातच राहतं. सागवान असेल तर आता थिनरने पुसा आणि थिनर उडाला की लगेच सुरू करा.

खालच्या बाजूपासून. खालची बाजू कोणाला दिसत नाही म्हणून ती सोडली जाते, आणि मग पावसात ती ओलावा घेते, वरची घेत नाही, आणि फळी वाकते. वर कितीही हात दिले, तरी खाली किमान दोन.

सुती फडक्याने किंवा ब्रशने अगदी पातळ हात. आमच्या मेस्ताने पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "बाय, तेल लाकडात गेलं तर कामाचं. वर राहिलं तर चिकटा." दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग कोरड्या फडक्याने जे वर उरलं आहे ते सगळं पुसून घ्या. पुसल्यावर पृष्ठभाग ओला दिसायला नको, फक्त गडद. चोवीस तास थांबा. ३२० ने हलका हात, धूळ पुसा, दुसरा हात. कोरड्या जागेला दोन पुरतात. टोकं, सिंकची बाजू, पुढची कड यांना तिसरा द्या.

शुद्ध टंग ऑइल असेल तर पहिले दोन हात निम्मं थिनर मिसळून, पुढचे तीन न मिसळता, प्रत्येकात दोन-तीन दिवसांचं अंतर. घाई केली तर आतला हात ओलाच राहतो.

तीन दिवसांनी ओट्यावर कोरडं सामान ठेवता येईल. पाणी आणि गरम वस्तू मात्र दोन-तीन आठवडे दूर. तोपर्यंत प्लास्टिकने झाकू नका, हवा लागली तरच ते पक्कं होतं.

तेलकट फडकी

वेगळं लिहिते, कारण घर पेटू शकतं. वाळणाऱ्या तेलात भिजलेलं फडकं चुरगळून टाकलं तर वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि ते आपोआप पेट घेतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. काम संपलं की प्रत्येक फडकं पाण्यात बुडवा, किंवा अंगणात एकेक पसरून पूर्ण कडक होईपर्यंत वाळवा. कचऱ्याच्या पिशवीत, कपाटात, गाडीत कधीच नाही.

बसवताना

सिंकसाठी कापलेल्या भोकाची कड हा ओट्याचा सर्वांत कमजोर भाग. तिथे आधी पातळ इपॉक्सीचे दोन हात द्या. लाकूड ते पिऊन टाकेल असं लावा. मग सिंक बसवून कडेने बुरशीरोधक सिलिकॉन. पुढच्या कडेच्या खालच्या बाजूला, कडेपासून दोन बोटं आत, एक बारीक खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी तिथवर येऊन थेंबाने खाली पडतं, कपाटात ओघळत नाही. जुन्या घरांच्या खिडक्यांखालच्या दगडाला अशीच खाच असते, हात घालून पाहा.

मागच्या भिंतीपाशी ५-६ मिलीमीटर जागा सोडा, ती लाकडाला फुगायला लागते. खालून स्क्रू मारताना कपाटाच्या पट्टीतली भोकं गोल न ठेवता लांबट ठेवा. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. साधे लोखंडी स्क्रू खाऱ्या हवेत गंजतातच, शिवाय सागवानात आणि माटीत काळा रंग सोडतात.

रोजचं आणि वर्षाचं

रोज पुसायला ओलं, पिळून काढलेलं फडकं आणि भांड्याच्या साबणाचा थेंब पुरे. सोडा, ब्लीच, कपड्यांची पावडर नको. लोखंडी तारेची घासणी तर अजिबात नको: तिचे कण लाकडात अडकतात, गंजतात आणि ओट्यावर काळे ठिपके उठतात. गरम भांड्याखाली आडणी. आदोळी (विळी), खवणी, तवा ओल्या लाकडावर ठेवून झोपायला जाऊ नका. ओट्यावर थेट कापू नका, त्याला फळी.

मिरगाच्या आधी आणि पाऊस ओसरल्यावर, वर्षातून दोनदा, पाण्याचे चार थेंब ठिकठिकाणी टाका. थेंब मोत्यासारखे उभे राहिले तर ठीक. पाच मिनिटांत खाली लाकूड गडद झालं, तर तेवढ्या जागेला एक हात हवा. माझ्या ओट्यावर नळाजवळच्या हातभर जागेला दरवर्षी मे महिन्यात एक हात लागतो, बाकीच्याला दोन-तीन वर्षांनी. काम अर्ध्या तासाचं: ३२० ने घासा, पुसा, फिनिश लावा, पंधरा मिनिटांनी पुसा, रात्रभर सोडा. मे महिन्यात सुरुवातीलाच करा, पाऊस येईपर्यंत ते पक्कं व्हायला हवं.

पावसाळ्यात करडी बुरशी आली तर पाण्यात निम्मं व्हिनेगर मिसळून पुसा, कोरडं करा, पंखा चालू ठेवा. पातेलं पडून खड्डा पडला असेल तर त्यावर ओलं सुती फडकं ठेवून गरम इस्त्री दोन-चार सेकंद टेकवा. दबलेले तंतू वाफेने फुगून वर येतात. वाळलं की हलकं घासून फिनिश. पीयूवर मात्र हे करू नका, थर पांढरा पडेल.

लोखंडाचा काळा डाग नुसत्या घासण्याने जात नाही, खोल असतो. आधी त्या जागेचं फिनिश घासून काढा. मग हार्डवेअरच्या दुकानातलं ऑक्झॅलिक ॲसिड कपभर गरम पाण्यात दोन चमचे विरघळवून ब्रशने लावा. विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घाला, मुलांपासून लांब ठेवा. काही मिनिटांत काळं फिकट व्हायला लागतं. वाळलं की भरपूर पाण्याने दोन-तीनदा धुऊन पुसा. न धुता घासलं तर त्याची धूळ नाकाघशाला झोंबते. चार दिवस वाळू द्या, १८० ने घासा, फिनिशचे दोन हात. आमच्या त्या जुलैतल्या सागवानाचा बोटभर काळा पट्टा असाच गेला, आणि तीच फळी आज खिडकीखाली आहे.